कार्डाच्या तळच्या दोन ओळी

तात्या,

आज बाजार. शाळा नेहमीसारखी अर्धी सुटली, पोरं पळाली, आणि मी ओट्यावर चटई टाकली. कुणासाठी टाकली ते टाकून झाल्यावर लक्षात आलं. मग मीच तिच्यावर बसलो. तुम्ही गेल्याला बारा दिवस झाले, पण माझ्या हातांना अजून कुणी ते सांगितलेलं दिसत नाही.

गावातल्या मंडळींनी तुमच्याविषयी चार शब्द लिहून मागितले आहेत. शिकलेला माणूस म्हणून ते काम आपसूक माझ्या गळ्यात आलं. जन्म कुठला, जमीन किती, देवळाच्या कामाला काय दिलं, ही सगळी माहिती त्यांनी मला बसवून सांगितली. ती मी लिहिणार नाही. ती तुम्हाला ठाऊकच आहे, आणि मला बोलायचंय ते तुमच्याशी.

मला एक कबुली द्यायची आहे. तुमच्या गिरजेच्या कार्डांबद्दल. पाच वर्षांत ती कितीदा माझ्या ओठांपर्यंत आली, आणि दर वेळी मी एखाद्या कवितेचा विषय काढून ती मागे लोटली. आज सांगितल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलंय. पण एकदम मुद्द्यावर आलेलं तुम्हाला आवडत नाही, आधी पान जमलं पाहिजे, सुपारी कातरून झाली पाहिजे. तेव्हा जरा मागून येतो.

तुम्ही माझ्या वर्गात आलात ते माझ्यावर उपकार म्हणून. लढाईचे दिवस होते, आणि प्रत्येक शाळेनं मोठ्या माणसांसाठी साक्षरतेचा वर्ग चालवावा असा वरून हुकूम आला होता. हजेरीपुस्तक आलं, पाट्या आल्या, माणसं काही येईनात. मी घरोघर फिरलो. लोक गूळपाणी द्यायचे आणि गोड बोलून वाटेला लावायचे. तुमच्या दारात पोचलो तेव्हा मी अगदी रडकुंडीला आलो होतो. तुम्ही बैलाच्या शिंगांना तेल लावत होता. मान वर न करता विचारलंत, "किती डोकी कमी पडत्यात?"

"एक," मी म्हणालो.

"मंग माझं टाका. पर मला शिकवायच्या फंदात पडू नका. मी निस्ता बसन."

आणि खरंच नुसते बसलात, चांगले आठ दिवस. जेवणं उरकून दुपारी यायचं, भिंतीला टेकायचं, बाकीच्यांच्या पाट्यांकडे बघून गालात हसायचं. नवव्या दिवशी पाटी पुढे ओढलीत. "बसून बसून अंग आंबलं, मास्तर. दावा तो 'ग' कसा काढत्यात." मी म्हटलं, तात्या, सुरुवात 'ग'पासून होत नाही, त्याची पद्धत असते. तुम्ही म्हणालात, "माझी व्हते. गिरजेतला 'ग' दावा." तुमच्या पाटीवरचा तो पहिला 'ग' आडव्या पडलेल्या कोयत्यासारखा होता. मी तो पुसून नीट काढायला लावला, तेव्हा तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी पुढचे दोन दिवस तुमच्या पाटीला हात लावला नाही.

त्या दिवसांतला मी कसा होतो ते तुम्ही मला कधी तोंडावर सांगितलं नाहीत, म्हणून मीच सांगतो. मी काही वर्षांपूर्वी नगरहून बदलून आलो होतो आणि कविता शिकवण्यात माझा हात कुणी धरणार नाही अशी माझी पक्की समजूत होती. माझ्याकडे प्रत्येक कवितेला चाल होती. पोरं बाकं धरून डुलायची, छपराची कौलं हलतील असा आवाज निघायचा, आणि वेशीपलीकडून येणारा माणूस सांगायचा की आज मास्तरांनी कविता घेतली. चाल बसली की मी अर्थ सांगायचो. 'कवी म्हणतो की', इथून तो सुरू व्हायचा आणि पोरं तो वहीत उतरून घ्यायची. अर्थ उतरवून झाला की कविता संपली. ती परत उघडायचं काही कारण उरत नसे.

गिरजा तुमची एकुलती एक. माझ्या चौथीत पहिल्या रांगेत बसायची, माझ्या चाली बाकीच्यांपेक्षा आधी उचलायची. पुढे तिचं लग्न झालं आणि ती पारनेरकडे गेली. तिकडून तिचं कार्ड आलं की तुम्ही ते टोपीत घालून माझ्याकडे आणायचात. मी वाचायचो, तुम्ही डोळे मिटून ऐकायचात, आणि घरी नेऊन खुंटीच्या तारेत ओवून ठेवायचात. "तीर्थरूप तात्या व आई यांस गिरजेचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडील सर्व खुशाल. मामंजींनी नवा बैल घेतला. पाऊस बरा आहे." सगळी कार्डं अशीच. टपालात पडण्याआधी तिचे सासरे प्रत्येक कार्ड धाकट्या मुलाकडून वाचून घेत, त्यामुळे दुसरं काही त्यात येणारही नव्हतं.

आणि कार्डाच्या तळाशी, उरलेल्या बोटभर जागेत, ती दोन ओळींची एक ओवी लिहायची.

ती मी मोठ्यानं वाचत नव्हतो. माझ्या लेखी कविता पुस्तकात असायची, छापलेली, चाल असलेली. बाया जात्यावर म्हणतात ते गाणं. ते पत्रात कशाला वाचायचं, त्यात बातमी काय असणार. एकदा तुम्ही डोळे उघडून विचारलं होतंत, "मास्तर, तुमचं तोंड थांबलं, पर खाली आजून शाई दिसतीय." मी म्हणालो, "खाली काही नाही, नमस्कार-चमत्कार आहेत." तुम्ही मान डोलावलीत आणि कार्ड टोपीत घातलंत. अशी तीन कार्डं झाली. एक ज्येष्ठात, एक आषाढात, एक दसऱ्यानंतर.

त्या तिसऱ्या कार्डानंतर थोड्या दिवसांत तुम्ही वाचायला लागलात. कसं, तर अक्षराखाली बोट ठेवून, एकेक शब्द दळल्यासारखा. एक ओळ संपवायला तुम्हाला लागायचा तेवढ्या वेळात मी पान उलटत असे. तुमच्या त्या बोटाची मला मनातून कीव यायची, हेही आज सांगून टाकतो.

मग दिवाळीच्या तोंडावर एक दिवस वर्ग नसताना तुम्ही आलात. हातात तारेतून काढलेली तीन कार्डं. ओट्यावर बसलात, घाम पुसलात आणि म्हणालात, "सकाळधरनं वाचत बसलो हुतो. वरलं समदं तुमी वाचल्यालं, ते ठावंच हुतं. म्हनलं, न वाचल्यालं वाचावं."

आणि बोट ठेवून तुम्ही मला ते वाचून दाखवलंत.

"सांजच्या पारी उभी दाराच्या मी चौकटी,
तात्या, तुमची गिरजा भरल्या घरी एकटी."

हे ज्येष्ठातलं. आषाढातलं असं होतं:

"दुधा-तुपाचं घर, नाही कशाची वानवा,
तोंडी घास जाईना, कसा दिस मी काढावा."

इथे तुम्ही थांबलात. सकाळी घरी तुम्ही ही ओवी मोठ्यानं वाचलीत तेव्हा गिरजेची आई, आमच्या काकी, भाकरी थापत होत्या. त्यांचा हात परातीतच राहिला. "आवं, पोरीला दिस गेल्यात," त्या म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, असं कुठं लिवलंय. त्या म्हणाल्या, मंग आनखी कसं लिवायचं, सासऱ्यापुढं? हे मला सांगताना तुम्ही हसत होता आणि तुमच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि दोन्हींपैकी कशाचीच तुम्हाला लाज वाटत नव्हती. मग दसऱ्यानंतरचं कार्ड.

"पहिल्या खेपेला लेक माहेराला न्यावी,
तात्यांच्या वाटेकडं किती नजर लावावी."

सातवा लागत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि न्यायला बापानंच जायचं, हे काय मला माहीत नव्हतं? तिकडे व्याही वाट बघून बघून ताठले असणार, लग्नातल्या मानपानाचं काहीतरी आधीच मनात होतं. आणि पोर रोज दारात उभी राहत असणार. तिनं पहिल्यांदा सांगितलं ते ज्येष्ठात. मी ते तिन्ही वेळा डोळ्यांनी वाचलं होतं आणि तोंडानं गिळलं होतं.

माझा चेहरा तुम्ही पाहिलात. कार्डं गोळा केलीत आणि म्हणालात, "पोरीचं अक्षार लई बारीक हाय. तुमाला लागलं नसंल."

"हो ना तात्या," मी म्हणालो, "पुसट होतं."

पुसट नव्हतं, तात्या. हीच ती कबुली. गिरजेचं अक्षर मीच वळवलं होतं, ते किती स्वच्छ आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. तुम्ही दार उघडून दिलंत आणि मी खाली मान घालून त्यातून निसटलो. मला त्या दिवशी तुम्ही चार शिव्या घातल्या असत्यात तर बरं झालं असतं.

उलट तुम्ही मला बरोबर घेतलंत. "शिकल्याला मानूस संगं असला की याही जरा नीट बोलतो." मी नाही कसं म्हणणार. ती कोळशाच्या धुरावर चालणारी सर्व्हिस मोटार, पेट्रोल सगळं लढाईवर गेलेलं, आणि करंजीच्या घाटात ती बसली ती उठेना. सगळे उतारू खाली. तुम्ही धोतर खोचून मागून रेटत होता आणि मी धुरात खोकत नुसता हात लावून होतो. "मास्तर, निस्ता अर्थ सांगू नका, जोर लावा," असं तुम्ही म्हणालात तेव्हा बाकीचे उतारू का हसले ते त्यांनाही कळलं नसेल.

आणि नगरात शिरल्यावर तुम्ही जो धुमाकूळ घातलात. आयुष्यात पहिल्यांदाच हे शहर तुम्हाला वाचता येत होतं. दुकानाची प्रत्येक पाटी मोठ्यानं. कापडवाल्याची, वैद्याची, उपाहारगृहाची. लोक वळून बघायचे, मी चार पावलं पुढे चालायचो. एका भिंतीशी उभं राहून तुम्ही 'येथे थुंकू नये' हे पूर्ण लावलंत, तोंडातलं पान गालात सरकवलंत आणि मला म्हणालात, "ह्येला चाल न्हाई वो लावली कुनी." मी तेव्हा वैतागलो होतो. गेले बारा दिवस मला तेच आठवतंय आणि दर वेळी हसू येतंय.

व्याह्यांनी पाणी दिलं, चहा दिला, आणि मग विचारलं, "झाली का आठवण लेकीची?"

मी बशीत बघत बसलो. तुम्ही म्हणालात, "चूक झाली. पोरीनं कळवलं हुतं, मला वाचता येत न्हवतं. आता येतंय."

"कळवलं होतं? कार्डं तर आम्ही समदी ऐकली. त्यात तसलं काही नव्हतं."

तुम्ही टोपीतून एकच कार्ड काढलंत, दसऱ्यानंतरचं. बाकीची दोन आतच ठेवलीत. पोरीचं एकटेपण चार माणसांत उघडं करायचं नाही, एवढं शहाणपण मला तेव्हा सुचलंही नसतं. बोट ठेवून तुम्ही त्या दोन ओळी वाचल्यात. चाल नाही, हेल नाही. शेतावर निरोप सांगावा तशा आवाजात. पहिली ओळ झाल्यावर थांबलात, दम घेण्यासाठी असेल, तुमचा वेगच तो. त्या थांबण्यात सगळी पडवी गप्प झाली. मग दुसरी ओळ. तात्या, बारा वर्षं मी कविता शिकवत होतो, आणि कविता वाचल्यावर माणसांचं काय होतं ते मी त्या पडवीत पहिल्यांदा पाहिलं.

व्याही घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ती ओवी वाटलं आमाला. बायामानसांचं गानं. ते कोन ऐकतो."

तेवढ्यात आतून विहीणबाई बाहेर आल्या. डोक्यावरचा पदर सारखा करत त्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "माझ्या पहिल्या येळंला मला न्याया कुनी आलं न्हवतं. मी बी म्हनलं असंल जात्यावर. कोनी ऐकलं?" आणि आत जाऊन त्यांनी स्वतः गिरजेचं गाठोडं बांधलं. बैलगाडीत कडबा पसरला, वर गोधडी, आणि व्याह्यांनी नगरपर्यंत गाडी स्वतः हाकली. वाटेत गिरजा माझ्याशी चकार शब्द बोलली नाही. मला वाटलं, लाजत असेल.

पौषात इथं, आपल्या तिसगावात, तुमची नात जन्मली. तुम्ही शाळेत येऊन प्रत्येक पोराच्या हातावर गूळ ठेवलात, माझ्या हातावर दुप्पट. तो मी तसाच खिशात घातला.

वर्ग तर केव्हाच बंद पडला. हुकूम निघतात तसे विरतात. पण तुम्ही दर बाजाराच्या दिवशी यायचं सोडलं नाहीत. माळवं विकून झालं की इथं, ह्या चटईवर. "मास्तर, काडा पुस्तक. मला काय ह्या कविता नीट लागत न्हाईत. तुमी वाचा." मला वाटायचं, म्हातारा आहे, एकदा शिकलेलं टिकत नाही. मी मोठ्या मनानं वाचायचो. आता भांडणाचं बोलू.

पहिलं भांडण चालीवरून. मी सुरुवात केली की तुम्ही हात वर करायचात. "चाल नको. चाल लावली की शबुद तिच्यामागं पळत सुटत्यात, मला एक बी गावत न्हाई." मी म्हटलं, कविता गायचीच असते. "आसंल. पर आदी बोला तर खरं." चालीशिवाय वाचायला लागलो आणि मला घाम फुटला. माझ्या पाठ असलेल्या कविता मला वाचता येईनात. चाल काढून घेतल्यावर मला कळलं की निम्म्या शब्दांवर मी कधी पायच ठेवला नव्हता. मी धडपडायचो, आणि तुम्ही सुपारी कातरत म्हणायचात, "सावकास. बोट ठेवा हवं तर." मी चिडायचो आणि पुस्तक मिटायचो. पुढच्या बाजारी पुन्हा उघडायचो.

दुसरं भांडण शेतकऱ्याच्या कवितेवरून. पहाटे तो गात गात शेताला निघतो, दवानं न्हालेली वाट त्याला हसते, वगैरे. माझी आवडती कविता. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलीत आणि विचारलंत, "हा कवी कधी उठतो?" मी म्हटलं, म्हणजे? "पुसाच्या थंडीत पहाटं पान्याची दारं धराया गेलं की दातावर दात वाजत्यात. गातो कोन? ह्यानं खिडकीतनं बघितलं असंल, पांघरून घेऊन." मी कल्पनाशक्तीवर भाषण दिलं. तुम्ही म्हणालात, "कल्पना करू द्या की. पर थंडी वाजू द्या." तीन महिने आपण त्यावर भांडलो. आता वर्गात ती कविता घ्यायची वेळ आली की मीच पोरांना विचारतो, पहाटे शेतावर कोण गेलंय? हात वर होतात. मग गंमत येते.

आणि ते खळ्याचं. चौथीच्या पुस्तकात एक लहानशी कविता होती. मळणी झाली, धान्य घरी गेलं, आणि शेवटी एवढंच: 'खळे उठले, माणसे गेली, वारा तेथे निजला.' ही ओळ मी वाचली आणि तुमची सुपारी थांबली. "पुन्यांदा वाचा," म्हणालात. मी वाचली. तुम्ही अडकित्ता चटईवर ठेवलात. मग म्हणालात, "खळं उठल्यावर मी दरसाल तिथं उगंच जाऊन उभा ऱ्हातो, मास्तर. काय काम नसतं. मला वाटायचं, हे येड माझं एकल्याचंच हाय." एवढा आनंद तुमच्या चेहऱ्यावर मी गूळ वाटतानाही पाहिला नव्हता. ह्या जगात कुठंतरी एक अनोळखी माणूस आहे आणि तोही तसाच जाऊन उभा राहतो, ह्या बातमीनं तुम्ही सगळा दिवस खूश होता.

पण त्या ओळीपुढे आणखी एक कडवं होतं. मुलांनो, धनधान्य असेच जाते, म्हणून गर्व करू नका, अशा अर्थाचं. मी ते वाचायला लागलो तर तुम्ही पुस्तक हातातून घेतलंत. "वारा निजला. झालं की. निजल्याल्या वाऱ्याला उठवून हा बाबा शानपन कशाला शिकवतोय?" आणि माझ्या कानावरची पेन्सिल काढून सबंध कडव्यावर तिरपी रेघ ओढलीत. सरकारी पुस्तकावर, तात्या. मी ओरडलो. तुम्ही म्हणालात, "खोडरबर हाय की तुमच्याकडं." होतं. पण मी खोडलं नाही, का ते मलाही कळेना.

तेच पुस्तक डिपोटीसाहेबांच्या हातात पडलं. तपासणीला आलेले, करडे, चष्म्यावरून बघणारे. "हे कुणी केलं?" माझी पाचावर धारण बसली. तुमचं नाव सांगितलं, शेतकरी आहेत, नवसाक्षर. साहेबांनी कविता मनात वाचली. मग पुन्हा वाचली, त्यांचे ओठ रेघेपाशी थांबलेले मला दिसले. "सरकारी पुस्तकावर रेघा ओढू नयेत," असं म्हणून त्यांनी शेरेबुकात तसं लिहिलं. टांग्यात बसताना मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "कडवं मात्र नको होतं, खरं आहे." तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "शिकला म्हना की सायेब."

आपलं एक भांडण मात्र अर्धंच राहिलं. मी सवयीनं 'कवी म्हणतो की' म्हणून अर्थ सांगायला लागलो की तुम्ही दर वेळी विचारायचात, "त्येला तसं म्हनायचं हुतं, तर तसंच का न्हाई म्हनला?" मी कधी म्हणायचो, छंदासाठी. कधी म्हणायचो, सौंदर्यासाठी. तुम्ही मान हलवायचात आणि पान लावायला घ्यायचात. गेल्या महिन्यात मला वाटलं, मला उत्तर सापडलंय. गिरजेला तरी सरळ म्हणता आलं असतं का, सासऱ्यापुढे? आणि सरळ म्हटलं असतं तर आपण तरी ऐकलं असतं का? हे पुढच्या बाजारी तुम्हाला सांगायचं ठरवून ठेवलं होतं. तुम्ही हे ऐकायला थांबला असतात तर काय बिघडलं असतं? पण जायचं झालं तेव्हा मात्र तुम्हाला सावकाशपणा सुचला नाही. एका दुपारी, बांधावर बसल्या बसल्या. मला तुमचा ह्याबद्दल राग आहे, आणि तो जायला वेळ लागेल.

परवा तुमचा दहावा झाला. ओढ्यावर सगळं गाव होतं. विधी उरकल्यावर गिरजा लेकीला घेऊन एका दगडावर बसली होती. मी जवळ गेलो. तुम्हाला सांगायचं राहिलं ते निदान तिला तरी सांगावं, असं मनात आलं. 

"गिरजे," मी म्हणालो, "त्या कार्डांवरचं तुझं अक्षर पुसट नव्हतं. मला स्वच्छ दिसत होतं. ओवी म्हणून मी सोडून दिली. तात्यांशी खोटं बोललो."

तिनं लेकीच्या केसांतलं गवत काढलं. "ठावं हाय, गुरुजी."

"तुला?"

"मला, आईला, तात्यांना. ज्या दिवशी त्यांनी वाचलं, त्याच दिवसापास्नं." मग थोडी हसली. "मी लई चिडले हुते तुमच्यावर. बाळतिणीच्या खोलीत तात्यांना म्हनलं, त्यांच्या दारात पुन्यांदा जाऊ नका. तर म्हनले, मास्तर वाईट न्हाई गं. ओवी कशाशी खात्यात ते त्येला कुनी शिकवलंच न्हाई. आता आपल्यालाच शिकवाया पायजे."

मी शेजारच्या दगडावर टेकलो.

"दर बाजारी घरनं निघताना सांगूनच जायाचे," ती म्हणाली. "मास्तरांची शाळा घेऊन येतो."

पाच वर्षं, तात्या. म्हाताऱ्याला कविता लागत नाहीत म्हणून मी मोठ्या मनानं वाचून दाखवत होतो. इथं ह्या चटईवर.  शेवटी मास्तरच मी, मास्तरासारखाच प्रश्न तोंडातून निघाला. "मग काय म्हणायचे? झालो का मी पास?"

"तसं काय बोलले न्हाईत," गिरजा म्हणाली. "पर मागल्या म्हयन्यात बाजारातनं आले ते हासतच आले. आई म्हनली, काय झालं? तर म्हनले, आज मास्तर कविता वाचता वाचता मधीच थांबला, आन् अर्थ सांगायचा इसरला."

मला हसू फुटलं, तात्या. दहाव्याला जमलेली माणसं वळून बघायला लागली, गिरजाही हसायला लागली, आणि मला ते काही केल्या आवरेना.